माझ्या विरुद्ध मत द्या

जुलैत इस्पितळानं जाहीर केलं की नव्या वर्षापासून बाळंतपणाचा विभाग बंद, आणि त्याच आठवड्यात मिरेयनं आईला सांगितलं की तिला पुन्हा दिवस गेलेत. बाळ फेब्रुवारीत. लॉरेट पेल्टिएनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, आणि तोंडभर हसून तिला जवळ घेतलं. पण तेव्हा जी काळजी लागली, ती ऑक्टोबर सरत आला तरी सुटली नव्हती.

फेब्रुवारी म्हणजे काय, हे सेंट-ओमेरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. खालच्या शहरातलं इस्पितळ चांगल्या रस्त्यानं दीड तास, आणि फेब्रुवारीत चांगला रस्ता कुणी पाहिलाय? मिरेयच्या पहिल्या खेपेला तर वॉर्ड उघडा होता. पण एकुलता एक डॉक्टर नेमका रजेवर, बाळाचे ठोके मंदावलेले, आणि बाहेर असं वादळ की अंगणातली गाडी दिसेना. जावई बिचारा तिकडं वर जंगलात, लाकूडतोडीच्या छावणीवर. तेव्हा ऑरेल द्युफूर धावून आला. कुणी निरोप धाडला नव्हता, कानावर पडलं तसा उठला आणि आपला बर्फ ढकलायचा ट्रक रुग्णवाहिकेच्या पुढं घालून शहरापर्यंतचा सगळा रस्ता मोकळा करत गेला. एटिएन जगला. आता पावणेदोन वर्षांचा आहे आणि ‘मेमेर, मेमेर’ करत आजीचं डोकं खातो. त्या दिवसापासून पेल्टिएंच्या घरात भिंतीवरच्या संतांखालोखाल मान कुणाचा, तर ऑरेलचा.

तोच ऑरेल आता राज्याच्या विधानसभेला उभा होता. आधी एक मुदत तो निवडून आला होता, पुढच्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, गावानं त्याला पाडलं, आता पुन्हा कंबर कसून आला होता. दारोदार जाऊन सांगत होता, की मी सभागृहात होतो तेव्हा छोट्या इस्पितळांतली बाळंतपणं वाचवायचं विधेयक सभागृहानं मारलं, तेव्हा ते परत आणण्यासाठी उठून उभा राहिलो तो मी एकटा. त्याच्यासमोर होता व्हिटकोम नावाचा गणिताचा मास्तर. चांगला मुलगा, पण गावात येऊन इनमीन तीन वर्षं झालेली. कोण कुणाची मावशी हेदेखील ज्याला ठाऊक नाही त्याला मत कोण देणार?

आमच्याकडं दर निवडणुकीला एक पत्रक निघतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण असतं, मडक्यात मुरवत शिजवलेला घेवडा आणि कुट्टूच्या पिठाची धिरडी, ज्यांना प्लॉय म्हणतात. गोड वाढायच्या आधी ते पत्रक मोठ्यानं वाचतात, उमेदवारांच्या तोंडावर. शेतीचं एक पान, शाळेचं एक, इस्पितळाचं एक. नियम एकच, आणि तो रोलांद तेरियोचा. जे सरकारी नोंदीत आहे तेवढंच लिहायचं. कुणी कुठं मत दिलं, कुठला ठराव मांडला, जाहीर सभेत काय बोलला. बाकी सगळं बाजारगप्पा. रोलांदनं तीस वर्षं गावचं वाचनालय चालवलं, अजून हॉलमध्ये ती ‘शू’ म्हणाली की म्हातारी माणसं गप्प बसतात.

इस्पितळाचं पान लॉरेटनं मागून घेतलं. रोलांदनं भुवई उडवलीच. लॉरेटचं घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान. गावातल्या निम्म्या डोक्यांवर तिचा हात फिरलेला, आणि त्या डोक्यांतलं सगळं तिला माहीत.

‘कात्रीखालचं बोलणं पत्रकात येता कामा नये हं, लॉरेट,’ रोलांद म्हणाली.

लॉरेटला राग आला, पण तिनं तो गिळला. तिला ते पान हवंच होतं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून एकदा ऑरेलचं नाव घ्यायचं, त्यानं जे केलं ते पुराव्यानिशी वाचायचं, एवढी तिची इच्छा. उपकार फेडायचे तर आणखी काय हातात असतं आपल्या? आणि खरं सांगायचं तर त्याच्याही खाली दुसरंच होतं. वॉर्ड परत उघडायचा तर राजधानीत भांडणारं आपलं माणूस पाहिजे होतं, आणि ते माणूस खरंच भांडेल ना, याची तिला खातरी करून घ्यायची होती. रात्री कूस बदलताना तीच काळजी, सकाळी कात्रीला तेल घालताना तीच.

सोमवारी दुकानात मादाम मिशोच्या डोक्याला रंग लावून ठेवला होता. तो चढेपर्यंत लॉरेट संगणकासमोर बसली. राज्याच्या सभागृहातलं प्रत्येक मत तिथं मांडून ठेवलेलं असतं, कुणीही बघावं. विधेयक सापडलं, मतांची यादी सापडली. द्युफूर, सेंट-ओमेर, हो.

तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की मादाम मिशोचा रंग पाच मिनिटं जास्त राहिला आणि बाईचे केस गाजरासारखे निघाले. तिनं रोलांदला फोन करून सांगितलं, झालं माझं पान, ऑरेलचं मत ‘हो’ आहे.

रोलांदनं विचारलं, हो कशाला?

हो म्हणजे विधेयकाला, आणखी कशाला? पण रोलांदचं समाधान होईना. सभागृहापुढं नेमका प्रश्न काय ठेवला होता ते बघ म्हणाली. लॉरेटनं चडफडत राजधानीतल्या विधानसभेच्या ग्रंथालयाला फोन लावला. तिथल्या बाईचा आवाज गोड होता, घाई मुळीच नव्हती. तिनं उलगडून सांगितलं ते असं. समितीनं अहवाल दिला होता, की हे विधेयक मंजूर होऊ नये. सभागृहापुढं प्रश्न आला तो त्या अहवालाचा. समितीचं म्हणणं मान्य आहे का? त्याला ज्यांनी ‘हो’ म्हटलं, त्यांनी विधेयक मारलं.

लॉरेटनं फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे ऑरेलनं, एटिएनच्या ऑरेलनं, वॉर्डाचा गळा दाबला? तिनं त्या बाईला दोनदा विचारलं, नाव नीट बघितलंत ना, द्युफूर पुष्कळ असतात आमच्याकडं. बाई म्हणाली, नाव बरोबर आहे. मग पुढची नोंद चाळत म्हणाली, पण पुढं बघा, दुसऱ्या दिवशी ह्याच द्युफूरांनी त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असा ठराव मांडलाय. आणि असा ठराव जिंकलेल्या बाजूनं मत देणाऱ्यालाच मांडता येतो. हरलेल्याला नाही. म्हणून कधीकधी विधेयकाच्या बाजूचा माणूसदेखील मुद्दाम विरोधकांबरोबर मत देतो, दुसऱ्या दिवशी ते उकरून काढता यावं म्हणून.

ऐकता ऐकता लॉरेटचे डोळे भरून आले. केवढा धूर्त माणूस हा! शत्रूच्या पंगतीत बसला तो पान उलथं करायला! आणि आपण एका क्षणात त्याच्यावर संशय घेतला. तिला स्वतःचीच शरम वाटली. तिनं लगोलग मिरेयला फोन केला आणि सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. विधेयक बुडालं हे खरं, पण वाचवायला उठला तो ऑरेलच, तो म्हणतो ते सोळा आणे खरं आहे, सरकारी नोंद आहे. मिरेय म्हणाली, मला कधी शंकाच नव्हती, तुझाच जीव उगाच खालीवर होतो.

पण रोलांद ती रोलांद. मंगळवारी सकाळी दारात हजर.

‘उठून काय बोलला तो?’ तिनं विचारलं. ‘ठराव मांडला एवढंच लिहिलंयस. काय म्हणाला ते लिही की. चांगलंच बोलला असेल ना?’

नोंदीत ते शब्द नव्हते, नुसतं ‘ठराव मांडला, ठराव पडला’ एवढंच. मग सभेचं ध्वनिमुद्रण ऐकायचं ठरलं. तेही सगळं ठेवलेलं असतं, ज्याला हवं त्यानं ऐकावं. रोलांद प्लॉयच्या पिठाची व्यवस्था बघायला निघून गेली. लॉरेटनं धुतलेल्या टॉवेलांचा ढीग पुढ्यात घेतला, आणि घड्या घालत ऐकू लागली. ठरावांमागून ठराव, कंटाळवाणे आवाज, खाकरणं. मग ऑरेलचा आवाज आला. आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या खोऱ्यातलं ते जाडजूड इंग्रजी, हजारांत ओळखू येणारं. लॉरेट नकळत हसली.

‘अध्यक्षमहाराज,’ ऑरेल म्हणत होता, ‘काल मी जिंकलेल्या बाजूनं मत दिलं होतं. म्हणून त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असा ठराव मी मांडतो.’ क्षणभर थांबून तो पुढं म्हणाला, ‘आणि आपण सगळ्यांनी माझ्या विरुद्ध मत द्यावं अशी विनंती करतो.’

सभागृहात थोडं हसू पिकलं, सवयीचं. मग मतं, मग लाकडी हातोड्याचा आवाज, आणि पुढचा विषय रस्त्यांचा.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा लावलं. मग पुन्हा. माझ्या विरुद्ध मत द्या? आपलाच ठराव, आणि आपणच म्हणायचं पाडा? वेडा की काय हा? तिनं पुन्हा राजधानीला फोन लावला. ग्रंथालयातल्या बाईनं ते शब्द तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. मग म्हणाली, ती आमच्याकडची जुनी रीत आहे, बाई. एखाद्या विधेयकाचा फेरविचार एकदाच करता येतो. तो ठराव एकदा पडला, की त्या मुदतीत त्या विधेयकाला कुणी हात लावू शकत नाही. म्हणून ज्यांना ते कायमचं गाडायचं असतं, ते स्वतःच फेरविचार मागतात आणि स्वतःच म्हणतात, मला पाडा. दार लोटलेलं असतं, त्याला कुलूप लावायचं, एवढंच.

लॉरेटनं आभार मानून फोन ठेवला. टॉवेलांच्या घड्या तिनं मोडल्या आणि पुन्हा घातल्या. मंगळवार तसाच गेला. बुधवार तसाच गेला. गिऱ्हाइकं येत होती, बोलत होती, तिची कात्री चालत होती, पण मन ठिकाणावर नव्हतं. मिरेयचा फोन आला की ती एटिएनच्या दातांबद्दल विचारायची, तिच्या सुजलेल्या पायांबद्दल विचारायची, आणि पत्रकाचा विषय निघाला की चुलीवर दूध असल्याचं सांगून ठेवून द्यायची. काय सांगणार होती? सहा महिन्यांच्या पोटुशी लेकीला सांगायचं, की ज्याच्या नावानं तू रोज मेणबत्ती लावतेस त्यानंच तुझ्या वॉर्डाला कुलूप ठोकलं? तिच्या अंगणात ऑरेलच्या प्रचाराची पाटी रोवलेली होती. पोरीला आधीच झोप नाही, रक्तदाब जरा वरच आहे, नर्सनं सांगितलंय काळजी करू देऊ नका. शनिवारपर्यंत बघू, असं लॉरेट स्वतःला म्हणत राहिली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही.

गुरुवारी ऑरेल स्वतःच आला, केस कापायला. जेवणाच्या आधी तो दर वेळी येतो. खुर्चीत बसला, लॉरेटनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मान पुढं झुकवली. पाठीमागचे केस पार पांढरे झाले होते. त्यानं मिरेयची चौकशी केली, एटिएनची केली, जावयाच्या छावणीवर काम टिकून आहे ना ते विचारलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर लॉरेटनं कात्री चालवता चालवता सहज विचारलं असतं. आता तिनं कंगवाच दोनदा धुतला. एका कानामागची बाजू झाली, दुसरी झाली, तेव्हा कुठं तिला धीर आला.

‘ऑरेल, त्या विधेयकाच्या वेळी उठून तू काय म्हणालास?’

‘फेरविचार मागितला. नोंदीत आहे, बघ की.’

‘बघितली नोंद. ऐकलीसुद्धा.’

आरशात त्याची नजर वर आली. ‘ऐकता येतं होय ते?’ तो म्हणाला.

लॉरेटला हसू यायला हवं होतं, आलं नाही. तिनं कात्री खाली ठेवली. ऑरेल बोलला तो लपवाछपवी न करता बोलला, हे त्याचं मानलं पाहिजे. म्हणाला, राजधानीतून पैसा आला की त्याच्या पाठोपाठ हुकूम येतात, आणि दोन वर्षांनी पैसा आटतो पण हुकूम राहतात. आपल्या वॉर्डात वर्षाला बाळं किती, बोटावर मोजण्याइतकी. त्यासाठी सगळ्या राज्याच्या खिशात हात घालायचा, हे त्याला पटत नाही. त्याच्या बापाला पटलं नसतं, आज्याला पटलं नसतं.

‘माणूस अडला तर शेजाऱ्यानं धावावं,’ तो म्हणाला. ‘सरकार धावायला लागलं ना लॉरेट, की शेजारी घरात बसतो. मी काही घरात बसलो नव्हतो, तुला माहीत आहे.’

‘माहीत आहे.’

‘मग?’

‘मग दारोदार उलटं का सांगतोस?’

‘उलटं कुठं? ठराव मांडला तो मीच.’ एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. त्याला ते स्वतःलाच धड पटलं नसावं. ‘मी तसं बोललो नाही तर इथं मला मत कोण देणार? आणि तो मास्तर गेला तिकडं, तर त्याला आपलं गाव नकाशावर तरी सापडेल का?’

लॉरेटनं त्याच्या मानेवरचे केस झटकले, कापड सोडलं. ती म्हणाली, शनिवारी मला आहे तसं वाचावं लागेल. रागवेल, अद्वातद्वा बोलेल, अशी तिची अपेक्षा होती. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. ऑरेल उठला, कोट घातला, दारापाशी जाऊन थांबला. ‘तुला वाचायचं ते वाच,’ तो म्हणाला. ‘मिरेयला सांग, केव्हाही काही लागलं तर मी आहे.’ आणि गेला. लॉरेट दाराला कडी लावून खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. भांडला असता तर तिला निदान रागावता आलं असतं.

शनिवारी हॉल माणसांनी गच्च भरला होता. घेवड्याचा वास, कोटांचे ढीग, टेबलांखालून पळणारी पोरं. मिरेय पुढच्याच टेबलाशी बसली होती, मांडीवर एटिएन, त्याच्या तोंडाला मेपलचा पाक. शेतीचं पान झालं, शाळेचं झालं. मग रोलांदनं तिला खूण केली.

ती उभी राहिली. तिनं वाचलं. अहवालाला मत ‘हो’, म्हणजे विधेयकाला नाही. मग फेरविचाराचा ठराव. तिथं दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना तेवढंच माहीत होतं. मग तिनं पुढचं वाचलं, आणि हॉलमध्ये कुणाला काही कळेना. मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे तो बाजूचा का विरोधातला? लॉरेटला तोंडानं समजावता येईना, शब्द लागोपाठ अडखळायला लागले. तेव्हा रोलांदनं ध्वनिमुद्रण उतरवून घेतलेला तिचा फोन घेतला आणि ध्वनिक्षेपकासमोर धरला. ऑरेलचा आवाज हॉलभर झाला. आपण सगळ्यांनी माझ्या विरुद्ध मत द्यावं अशी विनंती करतो. आणि मागोमाग ते राजधानीतलं हसणं.

लॉरेटनं लेकीकडं बघायचं टाळलं. पण तिला न बघताही दिसत होतं.

ऑरेल उठला. दुकानात बोलला होता तेच बोलला, पण चांगलं बोलला. जे सांगत फिरलो ते अर्धंच होतं, त्याची लाज वाटते म्हणाला. पण विचार बदललेला नाही, शेजाऱ्याचं काम शेजाऱ्यानंच करावं. लोकांच्या माना डोलायला लागल्या. आमचे लोक असेच, कबुली दिली की विरघळतात. मागच्या टेबलावरून कुणी ओरडलं, ऑरेलसारखा शेजारी आहे कुणाजवळ? मग तो मिरेयकडं वळला आणि म्हणाला, ‘पोरी, तुझ्या वेळेला मी आहेच. वादळ असो, काही असो.’

हॉलमध्ये टाळ्या झाल्या, मनापासून. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

मिरेयनं एटिएनला शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि टेबलाला धरून उठली. ‘मोनोंक ऑरेल,’ ती म्हणाली. लहानपणापासून ती त्याला तसंच म्हणते, काका म्हणतात तसं. ‘फेब्रुवारीत तू कुठं असशील?’

‘म्हणजे?’

‘निवडून आलास तर जानेवारीपासून तुमची सभा असते ना? तिकडं, राजधानीत?’

ऑरेलनं मान डोलावली.

‘एटिएनच्या वेळी तू इथं होतास,’ मिरेय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘आम्ही तुला पाडलं होतं म्हणून होतास.’

कुणी हसलं नाही. ऑरेल हातातल्या रुमालाकडं बघत इतक्या हळू बोलला की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. ‘हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,’ तो म्हणाला, आणि बसला. रोलांदनं पत्रक मिटलं. बायका गोड वाढायला उठल्या, बशा फिरायला लागल्या, माणसं एकमेकांकडं न बघता गोड खाऊ लागली.

लॉरेटनं लेकीला बाहेर गाडीपर्यंत आणलं. हवेत बर्फाचा वास नव्हता अजून, पण गारठा होता. एटिएनला मागच्या खुर्चीत बांधलं, त्यानं पाकानं चिकट झालेला हात आजीच्या बाहीला पुसला. मिरेय पुढं बसली. लॉरेटला वाटत होतं, पोरीचं तोंड आता सुटेल, रडेल, ओरडेल. तसं काही झालं नाही. उलट लॉरेटची स्वतःचीच छाती जरा हलकी झाली होती. सांगून झालं होतं. जे व्हायचं ते सगळ्यांसमोर झालं.

‘अजून दहा दिवस आहेत,’ ती म्हणाली. ‘लोकांना विचार करता येईल. तुलाही. मी सांगणार नाही हं कुणाला मत दे ते.’

मिरेय समोरच्या काचेकडं बघत होती.

‘तुला कधी कळलं हे?’ तिनं विचारलं.

‘मंगळवारी. तुला उगाच घोर नको म्हणून...’

‘मी बुधवारी टाकलं मत,’ मिरेय म्हणाली. ‘नगरपालिकेत जाऊन. पुढं पाय सुजले तर रांगेत उभं राहता येणार नाही म्हणून.’

लॉरेटचा हात किल्लीवरच राहिला. आमच्याकडं मत दिवसाआधीच टाकता येतं, पण टाकलेलं परत मिळत नाही, हे तिला माहीत होतं. मागच्या खेपेच्या पत्रकात ते तिनंच वाचलं होतं.

‘त्याला?’

‘सोमवारी तूच नाही का सांगितलंस?’ मिरेय म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. ‘चल आता. एटिएन पेंगायला लागलाय.’